नियमालाही मुदत हवी

धनादेशावर तारीख असते आणि त्या तारखेला अर्थ असतो. १ एप्रिल २०१२ पासून, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार, लिहिलेल्या दिनांकापासून तीन महिने उलटून गेलेला धनादेश बँका वटवत नाहीत; त्यापूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. मुदत ठेवीच्या पावतीवर परिपक्वतेचा दिनांक असतो. ग्राहकाची ओळख पटवणारी कागदपत्रे ठरावीक वर्षांनी पुन्हा मागितली जातात. बँकेच्या व्यवहारात दिलेली परवानगी असो वा घातलेली मनाई, तिला काळाची चौकट असते. कारण माणसांचे पत्ते, व्यवसाय, स्वाक्षऱ्या आणि हेतू बदलत असतात, हे बँकिंगने दीर्घ अनुभवातून ओळखले आहे.

ई-मेलच्या पेटीत मात्र हे शहाणपण अजून पुरते पोहोचलेले नाही. नको असलेली पत्रे अडवण्यासाठी ग्राहकाने एखादा नियम घातला, म्हणजे ‘अमुक पत्त्यावरून आलेले पत्र थेट कचऱ्यात टाकावे’ किंवा ‘अमुक शब्द असलेले पत्र कधीही अडवू नये’ असे ठरवून दिले, की तो नियम वर्षानुवर्षे निमूटपणे चालत राहतो. त्यावर मुदत नसते, तो कोणी व का घातला याची नोंद नसते आणि तो चुकू लागला तर तसे सांगणारेही कोणी नसते. परिस्थिती बदलल्यावर असा जुना नियम नुसता निरुपयोगी ठरून थांबत नाही, तो प्रामाणिक पत्रांवर उलटतो. म्हणून स्पॅम रोखणाऱ्या नियमांचे मोल ते किती कडक आहेत यावरून ठरवू नये; ते शेवटचे केव्हा तपासले गेले यावरून ठरवावे.

कुंपण कशासाठी?

आगंतुक ई-पत्रांचा इतिहास आजच्या इंटरनेटपेक्षाही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तत्कालीन जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी धाडली. जाहिरातीचे ते पहिले घाऊक ई-पत्र मानले जाते. कागदी पत्राला तिकीट लागते, म्हणून लाखभर पत्रे टाकणारा दहादा विचार करतो. ई-पत्राला तिकीट नाही; त्याचा भार पाठवणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याच्या वेळेवर आणि सर्व्हर चालवणाऱ्याच्या खर्चावर अधिक पडतो. लाखात एक जण फसला तरी धंदा नफ्यात राहतो, हे साधे गणित या उपद्रवाच्या मुळाशी आहे.

मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दावोस येथे, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल, असे भाकीत केले होते. त्याला दोन दशके उलटून गेली. प्रश्न सुटला नाही, त्याने रूप बदलले. औषधांच्या आणि सोडतींच्या जाहिरातींबरोबर आता बँक, प्राप्तिकर खाते, कुरिअर कंपनी यांच्या नावाने बेतलेली बनावट पत्रे येतात. पूर्वी उपद्रव वेळेचा होता. आता तो थेट खात्यातील शिलकीशी येऊन भिडला आहे.

या बाबतीत कायद्याचे कुंपण तोकडे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ मध्ये त्रास देणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता. परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण कलमच घटनाबाह्य ठरवले. व्यापारी दूरध्वनी आणि एसएमएस यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत, पण त्यांची कक्षा ई-मेलपर्यंत जात नाही. तोतयेगिरी करून फसवणूक झाल्यास कलम ६६-ड आहे. तथापि ते फसवणुकीनंतरचे औषध झाले. पत्र येताच त्याची पारख करण्याचे काम गाळणीवर, म्हणजे फिल्टरवर आणि त्याच्या नियमांवरच पडते. ज्या कुंपणावर इतका भार आहे, त्याच्या डागडुजीकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

नियम शिळा कसा होतो?

‘स्पॅमअसॅसिन’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००१ पासून जगभरातील असंख्य सर्व्हरवर पत्रांची छाननी करत आले आहे. त्याची पद्धत परीक्षकासारखी आहे. प्रत्येक पत्र शेकडो नियमांपुढून जाते, प्रत्येक संशयास्पद लक्षणाला काही गुण मिळतात आणि बेरीज पाचावर गेली की, मूळ मांडणीनुसार, ते पत्र स्पॅम ठरते. त्यातील एक नियम पत्राच्या तारखेसंबंधी होता. आपले पत्र यादीत सर्वांत वर दिसावे म्हणून स्पॅम पाठवणारे त्यावर पुढील काळातली तारीख घालत. तेव्हा २०१० किंवा त्यानंतरचे कोणतेही वर्ष तारखेत दिसले तर ते ‘फार पुढचे’ समजावे आणि पत्राला गुण द्यावेत, असा तो नियम होता. लिहिला गेला तेव्हा तो अगदी बिनचूक होता.

मग १ जानेवारी २०१० उजाडला. त्या दिवसापासून जगातील प्रत्येक खरे पत्र या नियमाच्या दृष्टीने भविष्यातले ठरले. सर्व्हरच्या मांडणीनुसार साधारण दोन ते साडेतीन गुण अशा पत्राच्या माथी विनाकारण बसू लागले. पाचाच्या उंबरठ्यापुढे हे ओझे मोठे होते. एखाद-दुसरे किरकोळ लक्षण असलेले निर्दोष पत्र सहज स्पॅममध्ये जाऊन पडे. याहून बोलकी बाब अशी की, ही चूक २०१० पूर्वीच लक्षात आली होती आणि विकासाधीन आवृत्तीत २००९ मध्ये ती दुरुस्तही झाली होती. फक्त ती दुरुस्ती प्रत्यक्ष वापरातल्या आवृत्तीपर्यंत पोहोचवायची राहून गेली. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी सुधारित नियम प्रसृत करण्यात आले. ज्या सर्व्हरवर नियम आपोआप अद्ययावत होत होते, तेथे गोंधळ लवकर निवळला. जेथे ‘एकदा बसवले, चालते आहे’ अशी वृत्ती होती, तेथे तो चालत राहिला.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. ‘ओआरडीबी’ ही, कोणाचेही पत्र विनाचौकशी पुढे ढकलणाऱ्या बेफिकीर सर्व्हरची काळी यादी होती. अनेक कार्यालयांचे सर्व्हर पत्र स्वीकारण्यापूर्वी या यादीला विचारत, ‘हा पाठवणारा यादीत आहे काय?’ डिसेंबर २००६ मध्ये ही सेवा बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले. तरीही तिला विचारणा करण्याचे नियम ठिकठिकाणी तसेच राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये त्या यादीने प्रत्येक विचारणेला ‘होय’ असे उत्तर देण्यास सुरुवात केली. परिणामी ज्यांनी पंधरा महिन्यांत एकदाही आपले नियम उघडून पाहिले नव्हते, त्यांच्या सर्व्हरने येणारे प्रत्येक पत्र गुन्हेगाराचे ठरवले.

दोन्ही प्रसंगांत कोणाचाही हेतू वाईट नव्हता आणि कोणी आळशी कारकून शोधून त्याच्यावर खापर फोडण्याने काही साधणार नाही. नियम आपल्या जागी होता, जग पुढे गेले होते. मराठीत ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात, ते नेमके असे घडते.

शब्दांची फसगत

सामान्य ग्राहक जे नियम घालतो ते बहुधा शब्दांचे असतात. एखादा शब्द दिसला की पत्र अडवायचे. यातील धोका फार पूर्वीच दिसून आला होता. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या सेवेत खाते उघडता येईना, कारण त्यांच्या गावाच्या नावात एका अशिष्ट शब्दाची अक्षरे ओळीने येत होती. बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत ‘स्पेशालिस्ट ऑफिसर’ हे पद नेहमीचे आहे. त्यातील पहिल्या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात ‘सियालिस’ या औषधाचे नाव जसेच्या तसे दडलेले आहे. औषधांच्या जाहिरातींना कंटाळून कोणी तो शब्द कोठेही आढळला तरी अडवण्याचा नियम घातला, तर मुलाखतीचे बोलावणेही त्याच वाटेने जाईल.

‘कर्ज’, ‘व्याज’, ‘बक्षीस’, ‘तातडीचे’ अशा शब्दांचे नियमही असेच दुधारी असतात. कर्जाच्या जाहिराती नकोत म्हणून ‘कर्ज’ शब्दाला बंदी घालणारा ग्राहक दोन वर्षांनी स्वतःच गृहकर्जाचा अर्ज करतो आणि मंजुरीच्या पत्राची वाट पाहत बसतो. पत्र आलेले असते, ते त्याने स्वतःच घातलेल्या मनाईखाली गाडले गेलेले असते.

जोडपत्रांचीही अशीच गोष्ट आहे. सांकेतिक शब्दाने बंद केलेली फाईल गाळणीला उघडून पाहता येत नाही, म्हणून काही कार्यालये अशी पत्रे सरसकट अडवतात. हा नियम निराधार नाही. विषाणू पाठवणारेही हीच युक्ती वापरतात. परंतु भारतातील बँका मासिक विवरणपत्रे ग्राहकाच्या गोपनीयतेसाठी सांकेतिक शब्द लावूनच पाठवतात. एका सावधगिरीने दुसऱ्या सावधगिरीला रोखावे, असा हा पेच आहे. पाठवणाऱ्याची खात्री पटल्यास सूट देणारा पोटनियम सोबत जोडला, तरच तो सुटतो.

दुसऱ्या बाजूने, जुने शब्दनियम आता खऱ्या लबाडांनाही रोखत नाहीत. वाकडीतिकडी वाक्ये आणि चुकीचे स्पेलिंग ही एके काळी बनावट पत्राची खूण होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आज भामट्यालाही शुद्ध, सभ्य आणि चक्क मराठी पत्र मिनिटभरात लिहून मिळते. मजकूर चित्रात दडवणे, दुव्याऐवजी क्यूआर कोड देणे, लॅटिन अक्षराच्या जागी तसेच दिसणारे रशियन अक्षर बसवणे, अशा क्लृप्त्यांपुढे शब्द शोधणारा नियम आंधळा असतो. म्हणजे तो सज्जनाला अडवतो आणि दुर्जनाला वाट देतो. अशा नियमाचा अभिमान बाळगण्यापेक्षा तो काढून टाकणे हेच शहाणपणाचे.

पत्ता बदलला, नियम तोच

बँकांच्या ग्राहकांना या विषयाची निकड पटवणारा बदल अलीकडचाच आहे. बनावट संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनची घोषणा केली. त्याची नोंदणी हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तेथे स्थलांतर करावे असे ठरले. संकेतस्थळांबरोबर अनेक बँकांचे ई-मेल पत्तेही बदलले.

आता ज्या ग्राहकाने पूर्वी मोठ्या जागरूकतेने आपल्या बँकेचा जुना पत्ता ‘कधीही अडवू नये’ या यादीत घातला होता, त्याची स्थिती पाहावी. नव्या पत्त्यावरून येणारे खरे पत्र त्या सवलतीला मुकते. आणि जुन्या पत्त्याचे सोंग घेऊन कोणी पत्र धाडले, तर नुसत्या नावावर विसंबणारा नियम त्याला आजही मानाने आत घेतो. सावध माणसाचा नियमच त्याला बेसावध करतो.

नवा नियम घालतानाही घाई नडते. ‘पत्त्यात कोठेही बँक डॉट इन आढळल्यास पत्र आत घ्यावे’ असा नियम वरकरणी बरोबर वाटतो. परंतु रोमन लिपीत ‘इन्फो’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे ‘इन’ हीच आहेत. त्यामुळे ‘बँक डॉट इन्फो’ अशा शेपटीचा कोणाचाही पत्ता या नियमातून सुखरूप पार होईल. त्याचप्रमाणे ‘बँक डॉट इन’ ही अक्षरे मध्यभागी ठेवून पुढे भलतेच डोमेन जोडलेला पत्ताही पार होईल. पत्त्याचा शेवट नेमका तोच आहे काय, हे पाहणारा नियमच कामाचा.

शिवाय नियम नावापाशी थांबू नये. पाकिटावरचे ‘प्रेषक’ हे नाव कोणीही लिहू शकतो. ई-पत्राचेही तसेच आहे. यावर तीन उपाय प्रचलित आहेत. एसपीएफ या पद्धतीत संस्था आपल्या वतीने पत्रे पाठवण्यास कोणते सर्व्हर अधिकृत आहेत याची यादी जाहीर करते. डीकेआयएम पद्धतीत प्रत्येक पत्रावर डिजिटल मोहोर उमटवली जाते. डीमार्क हे, या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे, याविषयी संस्थेने स्वतः दिलेले निर्देश असतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी आवश्यक केल्या. कार्यालयाच्या सर्व्हरवर बँकेला सवलत द्यायची असेल, तर ती ‘नाव जुळते आणि मोहोरही खरी आहे’ अशा दुहेरी अटीवर द्यावी. रोखपाल धनादेशावर केवळ नाव पाहत नाही, नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहतो, तद्वतच हे आहे.

शिकणारी गाळणी

यावर असे म्हटले जाईल की, आजच्या मोठ्या ई-मेल सेवा हे सर्व आपोआप करतात. ग्राहकाने त्यात लक्ष कशाला घालावे? हा आक्षेप रास्त आहे आणि तो अर्धा खराही आहे. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाने एका वेगळ्या मार्गाला मोठी चालना दिली. माणसाने नियम लिहिण्याऐवजी गाळणीला खरी आणि खोटी अशी दोन्ही पत्रे दाखवावीत आणि कोणत्या ढिगात कोणते शब्द किती वेळा येतात यावरून तिने संभाव्यता काढावी, ही ती पद्धत. अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या गणिती सिद्धांतावर ती उभी आहे. आजच्या सेवांतील यंत्रणा त्याहून कितीतरी पुढे गेल्या आहेत.

परंतु शिकणाऱ्या गाळणीलाही शिक्षक लागतो. स्पॅमअसॅसिनमधील ही शिकणारी यंत्रणा, मूळ मांडणीत, किमान २०० चांगली व २०० वाईट पत्रे पाहिल्याशिवाय मत देत नाही. केवळ इंग्रजी पत्रांवर शिकलेल्या गाळणीपुढे मराठी पत्र आले, तर तिच्याजवळ त्याचा पूर्वानुभव नसतो. मराठीतून पत्रव्यवहार करणाऱ्या पतसंस्थेने वा शाळेने आपली खरी मराठी पत्रे तिला दाखवलीच पाहिजेत. मोठ्या सेवांमध्ये ‘हे स्पॅम आहे’ आणि ‘हे स्पॅम नाही’ या दोन कळा म्हणजे हेच शिक्षण होय. त्या कळा बेपर्वाईने दाबणारा ग्राहक गाळणीला चुकीचा धडा देतो.

दुसरे असे की, ग्राहकाने स्वतः घातलेला नियम सहसा सेवेच्या निर्णयाच्या वर बसतो. ‘थेट काढून टाकावे’ असे त्याने सांगितले असेल, तर सेवेची सारी बुद्धिमत्ता त्या आज्ञेपुढे मान तुकवते. म्हणून यंत्रणा कितीही सुधारली तरी स्वतःच्या नियमांची जबाबदारी संपत नाही.

चूक महाग कोणाला?

गाळणीच्या चुका दोन प्रकारच्या असतात. एक स्पॅम पत्र आत येते, ही पहिली. एक खरे पत्र बाहेर राहते, ही दुसरी. पहिली चूक डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याविषयी तक्रार होते. दुसरी दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी कोणी बोलत नाही. बँकेच्या ग्राहकाला मात्र दुसरी चूकही तितकीच महागात पडू शकते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाचे तत्त्व घालून दिले. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा प्रसंगी ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कार्यदिवसांत तक्रार केल्यास त्याचे दायित्व शून्य. चार ते सात दिवस लागल्यास खात्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंत. त्यापुढे बँकेच्या धोरणानुसार. या तत्त्वाचा गाभा असा की, घड्याळ बँकेच्या सूचनेपासून चालू लागते. एसएमएसची सोय असली तरी परदेशी राहणारा, प्रवासात असलेला किंवा मोबाईल क्रमांक बदललेला ग्राहक पुष्कळदा ई-मेलवर विसंबून असतो. ती सूचना स्पॅममध्ये पडून राहिली, तर एकेक दिवस त्याच्या विरुद्ध मोजला जाण्याची भीती आहे. जीमेलसारख्या सेवेत स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी कायमची नष्ट होतात, हेही ध्यानात ठेवावे.

येथे केवळ ग्राहकाला उपदेश करून बँकांना हात झटकता येणार नाहीत. व्यवहाराची सूचना, विवरणपत्र, सणाची सवलत, विमा योजनेची जाहिरात आणि पूर्वमंजूर कर्जाचे आमिष ही सारी एकाच पत्त्यावरून येऊ लागली, तर त्रासलेला ग्राहक एके दिवशी त्या पत्त्यालाच स्पॅम ठरवतो. असे पुष्कळांनी केले की पाठवणाऱ्याची पत घसरते. गूगलने घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राहावे, अशी अट घातली आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. येथे मेंढपाळाची भूमिका बँकेकडे येते. जाहिरातीचा पत्ता आणि सूचनेचा पत्ता हे पूर्णतः वेगळे असणे, जाहिरात थांबवण्याची सोय एका कळीवर असणे आणि पत्ता बदलण्यापूर्वी ग्राहकाला शाखेतील फलकावर, पासबुकावर व एसएमएसने कळवणे, एवढे तरी बँकांचे कर्तव्य आहे. गाळणीपुढे बँकेची पत ही तिच्या शिस्तीनेच टिकते.

घरभेदी नियम

नियम तपासण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सर्वांत गंभीर आहे. एखाद्याच्या ई-मेल खात्यात शिरकाव मिळवलेला चोर अनेकदा तेथे स्वतःचा एक नियम घालून ठेवतो. ‘बँक’, ‘व्यवहार’, ‘ओटीपी’ असे शब्द असलेली पत्रे थेट कचऱ्यात जावीत किंवा त्यांची प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी, असा तो नियम असतो. मालकाला पेटी नेहमीसारखीच दिसते, फक्त धोक्याचा इशारा देणारी पत्रे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पासवर्ड बदलला तरी हा नियम आपोआप नाहीसा होईलच असे नाही. कुंपणच शेत खाते, ते असे. ज्याला आपल्या पेटीत कोणते नियम आहेत हेच ठाऊक नाही, त्याला त्यातला एक नियम परका आहे हे कसे कळावे?

सहामाही उजळणी

यावरचा उपाय खर्चिक नाही आणि अवघडही नाही. बँकांचे हिशेब ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर या दोन तारखांशी बांधलेले असतात. ग्राहकांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्याच सुमारास अर्धा तास काढून ई-मेलच्या सेटिंगमधील नियमांची यादी उघडावी. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावेत: हा कोणी घातला, कशासाठी घातला, आणि ते कारण आज उरले आहे काय? तिन्हींची उत्तरे मिळाली तरच नियम ठेवावा. पत्रे बाहेरच्या पत्त्यावर वळवणारा अनोळखी नियम आढळल्यास तो तत्काळ काढावा, पासवर्ड बदलावा, बँकेला कळवावे आणि पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

नवा नियम घालताना ‘नष्ट करा’ ही आज्ञा शक्यतो टाळून ‘वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा’ ही द्यावी. म्हणजे चूक सुधारता येते. स्पॅमच्या फोल्डरवर आठवड्यातून एकदा नजर फिरवावी आणि खरे पत्र आढळल्यास ‘स्पॅम नाही’ असे कळवावे. मात्र तेथील कोणत्याही दुव्यावर बोट ठेवू नये. ज्या संस्थेची जाहिरात नको आहे पण जिच्याशी व्यवहार आहे, तिला स्पॅम ठरवण्याऐवजी जाहिरात थांबवण्याची अधिकृत सोय वापरावी.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या कार्यालयांनी, सहकारी संस्थांनी आणि कारखान्यांनी नियमांचे स्वयंचलित अद्ययावतीकरण चालू आहे काय, हे गृहीत न धरता तपासावे. ज्या काळ्या याद्यांना सर्व्हर विचारणा करतो, त्या अद्याप जिवंत आहेत काय, हे पाहावे. नवा नियम लावण्यापूर्वी तो जुन्या, हाताने निवडलेल्या खऱ्या पत्रांवर चालवून पाहावा. स्पॅमअसॅसिनचे स्वयंसेवकही आपले नियम अशाच निवडलेल्या पत्रांच्या साठ्यावर नियमितपणे पडताळून त्यांचे गुण ठरवतात. प्रत्येक नियमासमोर दिनांक, कारण आणि जबाबदार व्यक्तीचे पद लिहिण्याची सवय लावावी. खतावणीतील प्रत्येक नोंदीमागे व्हाउचर असते; मनाईच्या नोंदीमागेही ते असावे.

बँकेत ताळमेळ रोज घेतला जातो, तो कर्मचाऱ्यांवर अविश्वास म्हणून नव्हे. मोठ्या पसाऱ्यात लहान चूक साचत जाते आणि ती जितक्या लवकर सापडेल तितकी स्वस्तात सुटते, हा त्यामागचा विचार आहे. ई-मेलच्या नियमांना हाच न्याय लावायला हवा. पुढील ३१ मार्चला खाती बंद करताना ग्राहकाने आणि कर्मचाऱ्याने ही एक छोटी यादीही उघडून पाहावी, आणि ज्या नियमाचे कारण सांगता येत नाही तो निःसंकोच रद्द करावा.